पंप नंबर दोनचा कागद

भिलाईत "मी कारखान्यात नोकरीला होते" असं म्हटलं की समोरचा माणूस आदरानं मान हलवतो आणि विचारतो, "कोणत्या गेटनं जायच्या?" त्याच्या डोळ्यांपुढे तो मोठा कारखाना असतो. तिथे माझे वडील होते, सासरे होते आणि आमच्या हुडको वसाहतीतली निम्मी माणसं होती. मग मला खुलासा करावा लागतो, की माझा कारखाना तो नव्हे. माझा लहान. नंदिनी नगरच्या रस्त्याला, पत्र्याच्या चार शेडचा. भंगार वितळवून आम्ही यंत्रांचे लोखंडी भाग ओतत असू.

पुढचा प्रश्न ठरलेला. "तिथं काय करायच्या?"

"लिहायची."

"हिशेब?"

"नाही. कोणतं काम कसं करायचं, ते."

इथे बहुतेक लोक विषय बदलतात. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तो बदलला नाही. त्याची शिक्षा आता वाचकांनी भोगावी.

कामाचं स्वरूप आधी सांगते. कारखान्यात यंत्र येतं, तेव्हा त्याच्यासोबत इंग्रजीतलं जाड पुस्तक येतं. ते साहेबांच्या कपाटात कुलपात जातं. यंत्र चालवणारा माणूस ते काम शिकतो आपल्या आधीच्या माणसाकडून, आणि त्यानं शिकलेलं असतं त्याच्या आधीच्याकडून. प्रत्येक हातात थोडं थोडं सांडत जातं. माझं काम म्हणजे त्या माणसाशेजारी उभं राहायचं, तो काय करतो ते पाहायचं, वेड्यासारखे प्रश्न विचारायचे आणि सगळं साध्या हिंदीत एका पानावर उतरवायचं. ते पान प्लास्टिकमध्ये बंद होऊन यंत्राशेजारी तारेनं टांगलं जाई. आम्ही त्याला 'कागद' म्हणायचो. कुणी अडला की दुसरा सांगे, "कागद बघ."

मी लागले होते टायपिस्ट म्हणून. सूचना तेव्हा आमचे वर्क्स मॅनेजर तिवारी साहेब स्वतः सांगायचे आणि मी टाइप करायची. साहेब मनानं चांगले, पण लिहायला लागले की त्यांच्या अंगात न्यायालय शिरायचं. एका सूचनेत त्यांनी सांगितलं होतं, "उपरोक्त प्रक्रिया के पूर्व दाब का शमन सुनिश्चित किया जाए." दोन दिवसांनी आमचे फिटर बिसेन तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. बिसेन गोंदियाकडचे, जुने, कामाला पक्के.

"बाई, हा शमन कोण हाय? नवीन आला का? मले त्याले भेटा लागते मनून लिवलं हाय."

मी त्यांना सांगितलं, की पाइपातलं प्रेशर उतरवायचं आहे, बाकी काही नाही. "मंग तसं लिवाले काय झालं होतं?" असं म्हणून बिसेन गेले. मी ती ओळ पुन्हा टाइप केली, साहेबांना न विचारता. माझी लेखनाची सुरुवात ती.

सुरुवात चांगली झाली असं मात्र नाही. मी स्वतः लिहिलेला पहिला पूर्ण कागद पाण्याच्या फिल्टरचा. त्यात, मराठीत सांगायचं तर, ओळी अशा होत्या: "फिल्टरचं झाकण उघडा. झाकण उघडण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा." बिसेननी पहिली ओळ वाचली आणि पहिली ओळ केली. नेमके त्याच वेळी गिऱ्हाईक कंपनीचे इन्स्पेक्टर शेड पाहायला आले होते. पाण्याचा लोट बिसेनच्या छातीवर आला, तिथून इन्स्पेक्टरांच्या बुटांवर. बिसेन हलले नाहीत. डोक्यापासून निथळत त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, दुसरी ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि मग शांतपणे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले.

आधी करायचं ते आधी लिहायचं, हे मी त्या दिवशी शिकले. सांगायला सोपं वाटतं. पण तुम्ही कुणालाही घरी साधी भाजी कशी करायची ते विचारा. शेवटी हमखास "आणि हो, त्याआधी" येतंच.

तिवारी साहेबांशी माझी लढाई चालू राहिली. सर्वांत लांबली ती 'कृपया'वरून. आमच्या भट्टीत ओलं भंगार पडलं तर आतला लोखंडाचा रस उसळून बाहेर येतो. माणूस जाऊ शकतो. त्या पाटीवर साहेबांना हवं होतं, "कृपया गीला भंगार न डालें." मी म्हटलं, कृपया काढा. साहेब म्हणाले, सभ्यता नावाची काही गोष्ट असते. मी म्हटलं, साहेब, कृपया म्हटलं की माणसाला वाटतं, नाही म्हणायची सोय आहे. तीन आठवडे ती पाटी रंगाऱ्याकडे पडून होती. शेवटी कृपया गेला. त्या जागी रंगाऱ्यानं आपल्या मनानं एक कवटी काढली, ती साहेबांना आवडली.

अशी वर्षं गेली. शेडमध्ये माझे कागद लटकू लागले. माणसं ते वाचून कामं करू लागली आणि मला थोडा गर्व चढला. माझं लिहिलेलं कुणालाही कळतं, असं मी घरीदारी सांगू लागले. आता ज्या प्रकरणासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे वळते.

भट्टीचं बाहेरचं अंग फार तापू नये म्हणून सतत पाणी लागतं. ते पाणी द्यायचा पंप नंबर दोन. तो चालवायचे मेश्राम काका. भंडाऱ्याकडचे, बोरसीला राहणारे, आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने. पंप आठवडाभर चालायचा, रविवारी बंद व्हायचा आणि सोमवारी सकाळी पुन्हा चालू करायचा असायचा. या चालू करण्यात खोड होती. दुसऱ्या कुणी हात लावला की पंप नुसता गुरगुरे, पाणी चढवत नसे. काकांनी हात लावला की मुकाट्यानं चाले. काकांनी सोमवारची रजा कधी घेतली नाही. मुलीचं लग्नसुद्धा त्यांनी मंगळवारी केलं.

ते निवृत्त व्हायला महिना उरला, तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. "लांजे मैडम, मेश्राम जाने के पहले उसके पंप का कागज बना लीजिए."

मी काकांसोबत बसले. ते म्हणाले, "मले काई लपवाचं नाई, बाई. इचार." मी विचारलं, त्यांनी सांगितलं. पंप पाण्यानं पूर्ण भरलेला असेल तरच पाणी ओढतो. आत हवा राहिली तर तो नुसता फिरतो. म्हणून आधी वरच्या टाकीतून पंपात पाणी सोडायचं. पंपाच्या डोक्यावर हवा जायला एक छोटा नळ आहे, त्याला कॉक म्हणतात. तो उघडायचा. पाणी आलं की बंद करायचा. मग मोटर चालू. मग बाहेर जाणारा व्हॉल्व्ह हळूहळू खोलायचा.

एवढ्यावर भागलं नाही म्हणून एका सोमवारी मी स्वतः जाऊन पाहिलंही. काकांनी टाकीचं पाणी सोडलं, कॉक उघडला, मग टेबलाशी जाऊन रजिस्टर भरलं. तेवढ्यात मी पेनाला टोपण लावलं आणि बिसेनशी त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलले. मग काका उठले, कॉक बंद केला, मोटर चालू केली. मी पेनाचं टोपण काढलं आणि पुढचं लिहून घेतलं. कागद झाला, नऊ पायऱ्यांचा. काकांनी वाचून "बराबर हाय" म्हटलं.

काकांना निरोप दिला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. त्यांच्या जागी साहू आले. पस्तिशीचे, दुर्गजवळच्या गावचे, आधी क्रेनवर होते. पहिल्या सोमवारी त्यांनी कागद समोर धरून एकेक पायरी केली. पंप गुरगुरला. प्रेशरच्या काट्यानं थोडी उसळी घेतली आणि खाली येऊन थरथरत राहिला. साहूंनी बंद करून पुन्हा पहिल्यापासून केलं. तिसऱ्या वेळी पंपातून धूर निघाला. पंपाच्या दांड्याभोवती गळती थांबवायला भरलेलं पॅकिंग कोरडं घासून जळलं होतं, दांड्यावर चरे पडले होते. दुरुस्तीला दोन दिवस गेले. भट्टी थंड, सगळी शिफ्ट बसून.

साहूंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. निष्काळजीपणामुळे पंप बिघडला, निलंबित का करू नये, तीन दिवसांत उत्तर द्या.

साहू नोटीस घेऊन माझ्याकडे आले. दुसऱ्या हातात प्लास्टिकमधला माझा कागद, तारेसकट काढून आणलेला.

"मैडम, जवाब आप ही लिख दो. आपका लिखा सबको समझता है."

मी कागद वाचला. त्यांना विचारलं. त्यांनी नऊच्या नऊ पायऱ्या जशाच्या तशा सांगितल्या. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. साहू खोटं बोलत असावेत, किंवा माझा कागद चुकलेला असावा. साहू खोटं बोलत नव्हते, हे मला त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं. तरी मी लिहायला बसले ते तिसरंच काही. मी लिहिलं, "प्रक्रिया के अनुपालन में संभवतः कुछ परिस्थितिजन्य विचलन रहा हो, जिसका खेद है."

साहूंनी ते एकदा वाचलं. मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"मैडम, इसमें गलती मेरी है कि नहीं है?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"आपका लिखा पहली बार समझ में नहीं आया," ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना वाटलं, आपलंच शिक्षण कमी पडलं.

इतक्या वर्षांत माझ्यावर पुष्कळ लोक चिडले असतील. बिसेन तर भिजलेसुद्धा. पण त्या वाक्यानं मला जसं लाजवलं तसं कशानं नाही. साहेबांची भाषा मी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेली होती, आणि स्वतःची कातडी वाचवायची वेळ आली तेव्हा तीच माझ्या हातातून अगदी सफाईनं उतरली. मी ते पान फाडलं. साहूंना म्हटलं, उत्तर तिसऱ्या दिवशी देऊ.

संध्याकाळी स्कूटी काढून बोरसीला गेले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत काकांचं घर. काका ओट्यावर बसून नळाचा वायसर बदलत होते.

"काका, पंप चालू नाई झाला. तुमी मले एखादी पायरी सांगितली नाई वाट्टे."

काकांचा हात थांबला. "सगळं सांगतलं, बाई. मी कायले लपवीन? मले का तो पंप घरी आनाचा होता?"

"मंग साहूले कावून नाई जमून राहिलं?"

"त्याले इचार. मले कायले इचारतं?" ते दुखावले होते. आतून काकूंनी चहा आणला. काकू म्हणाल्या, "जाऊन पाहा नं एकडाव. घरी नळ खोलून खोलून मले परेशान करून सोडलं." त्यामुळे काम सोपं झालं.

पॅकिंग नवं बसलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी काका आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पंपाभोवती साहेब, साहू, बिसेन आणि मी. काकांनी टाकीचं पाणी सोडलं, कॉक उघडला. कॉकमधून पाणी थुंकत थुंकत आलं.

साहू माझ्या कानाशी म्हणाले, "बस, यहीं पे मैं बंद करता हूँ. कागज में यही है."

काकांनी बंद केला नाही. ते टेबलाशी गेले. "रजिस्टर दे बापू," म्हणाले. चष्मा काढला, पुसला, लावला. खिशातून छोटी पट्टी काढली. काकांची शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मात्र मोत्यासारखं, कारण ते प्रत्येक अक्षर स्वतंत्र बसवत. सगळी अक्षरं मांडून झाली की वरची रेघ ते पट्टीनं ओढायचे. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, सही. सवयीनं माझा हात पेनाच्या टोपणाकडे गेला, आणि तिथेच थांबला. मी कॉककडे पाहिलं.

पाणी थुंकतच होतं. मध्येच धार बरी व्हायची, पुन्हा फुसफुसायची. काका पट्टी धरून रेघ ओढत होते. सात-आठ मिनिटं झाली असतील. एकाएकी पंपानं मोठी ढेकर दिली, कॉकमधून हवेचा एक जाड फुगा सुटला आणि त्यानंतर धार अशी सलग आली, की जणू काचेची कांडी. काकांनी पट्टी खिशात ठेवली, येऊन कॉक बंद केला, मोटर चालू केली. काटा वर चढला आणि जागेवर उभा राहिला.

तिवारी साहेब पाइपकडे पाहू लागले. त्यांना कारण लगेच कळलं. टाकीकडून येणारा पाइप एका बीमवरून वळवून आणला होता, त्या उंचवट्यात हवा अडकून बसायची आणि ती निघायला वेळ लागायचा. "ये तो पुस्तक में भी दिया है," साहेब म्हणाले. कपाट उघडून पाहिलं, तर खरंच दिलं होतं.

साहूंचं काय झालं होतं? त्यांचं अक्षर झरझर. पाणी थुंकायला लागताच त्यांनी कॉक बंद केला होता आणि रजिस्टर ठेवलं होतं मोटर चालू झाल्यावर अर्ध्या मिनिटात भरायला.

"काका," मी म्हटलं, "कॉक उघडा ठेवून तुमी लिवाले बसता, हे मले कावून नाई सांगितलं?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "लिवणं का काम हाय का, बाई? थे तं आराम हाय."

हे त्यांनी मला सांगितलं. बिसेननी तोंड वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

थोड्या वेळानं काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माया उस्तादनं सांगतलं होतं, कॉक उघडला का आदी रजिस्टर भराचं, मंग मोटर. कावून, ते त्यानं नाई सांगतलं. मी नाई इचारलं." मीही विचारलं नव्हतं. मी तर पेनाला टोपण लावून गुडघ्याबद्दल बोलत होते, कारण माझ्या समजुतीप्रमाणे काका त्या वेळी काम करत नव्हते, लिहीत होते. आणि लिहिण्याचाच पगार मी घेत होते.

कागद बदलला. आता त्यात आलं: "कॉक उघडा. दहा मिनिटं थांबा, तोवर रजिस्टर भरा. पाणी बुडबुड्यांशिवाय सलग धारेनं येत असेल, तरच कॉक बंद करा." मी तो बोरसीला नेऊन काकांना दाखवला. त्यांनी ओळींवरून बोट फिरवत सावकाश वाचला आणि म्हणाले, "आता हा पंप कोनालेबी चालू करता येईन." त्यांच्या आवाजात आनंद होता की दुसरं काही, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या माणसाची सोमवारची किंमत मी एका ओळीत बसवून टाकली होती.

आणखी एक विचार नंतर बरेच दिवस छळत राहिला. काकांच्या आधीही माणसं निवृत्त झाली होती, शाल-नारळ घेऊन घरी गेली होती. त्यांच्याजवळ मी बसलेही नव्हते.

साहूंचं उत्तर मी पुन्हा लिहिलं. "साहू ने कागज के अनुसार काम किया. कागज में एक बात छूट गई थी. कागज मैंने लिखा है." साहूंनी वाचलं आणि या वेळी काही विचारलं नाही. खाली आधी मी माझ्या नावाची सही केली, शेजारी त्यांनी त्यांची.

तिवारी साहेबांनी मला बोलावलं. "लांजे मैडम, ऐसा कोई लिखता है क्या? कम से कम एक 'संभवतः' तो डाल दीजिए."

"नाही साहेब. संभवतः नाही, नक्कीच."

साहूंची नोटीस मागे घेतली गेली. पण पंप बिघडला होता, दोन दिवस भट्टी थंड होती, आणि कारखान्याच्या नियमाप्रमाणे कुणाच्या तरी फायलीत काहीतरी लागायला हवं होतं. आठवड्याभरानं मला मेमो आला. साहेबांनी स्वतः लिहिलेला. "आपके स्तर पर हुई अनदेखी के फलस्वरूप उत्पन्न स्थिति के परिप्रेक्ष्य में भविष्य में समुचित सजगता अपेक्षित है." खाली माझ्या सहीसाठी जागा.

मी तो दोनदा वाचला. मग लाल पेन घेऊन सगळा खोडला आणि बाजूला लिहिलं, "लांजे मैडम ने पंप नंबर दो के कागज में एक बात छोड़ दी. इससे पंप बिगड़ा. आगे से वे पूरा काम अपनी आँखों से देखकर लिखें." ते घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, यावर सही करते, त्यावर नाही.

साहेबांनी चष्मा वर केला, वाचलं, माझ्याकडे पाहिलं. मग तेच टाइप करायला पाठवलं.

शेडमधल्या कुठल्याच कागदावर माझं नाव नसायचं. तशी पद्धतच नव्हती. हा मेमो तेवढा नावानिशी छापून आला. वर लांजे मैडम, खाली साहेबांची सही, आणि मधला मजकूर सगळा माझा. हुडकोच्या घरी तो कपाटात ठेवला आहे. कुणी लेखिका म्हणून काही दाखवा असं म्हटलं, तर मी तोच काढते.